पाण्यात फर्नेस ऑइलचं इमल्शन? तपासणीत या चुका टाळा

बडोद्याच्या नंदेसरी, मकरपुरा या औद्योगिक भागांतल्या लॅबमध्ये ‘ऑइल अँड ग्रीस’ची टेस्ट (पाण्यातलं तेल सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या द्रवात, ओढून त्याचं वजन करणं) रोजचीच, त्यामुळे हात आपसूक चालतो. पण सॅम्पलमध्ये फर्नेस ऑइलचं (भट्टीत जाळायच्या जड तेलाचं) इमल्शन, म्हणजे पाण्यात बारीक थेंबांनी मिसळून राहिलेलं तेल, असेल तर याच सवयीपायी आकडा कमी येतो. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅमची. दोन-तीन मिलिग्रॅम हरवले तरी नापास पाणी पास होतं, आणि ते पुढे कुणाच्या तरी शेतात जातं.

सगळ्यात जास्त तेल हरवतं बाटलीत. कॅनमधून मोजपात्रात थोडं ओतून घेऊ नका. रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत लिटरभर सॅम्पल घ्या, जागेवरच आम्ल घालून पीएच 2 च्या खाली आणा आणि लॅबमध्ये सगळंच्या सगळं सेपरेटिंग फनेलमध्ये (थर वेगळे करायच्या, खाली तोटी असलेल्या काचपात्रात) ओता. आता रिकामी बाटली उजेडात धरा. खांद्याशी तपकिरी कडं दिसेल. तेही मोजायचंय! सॉल्व्हंटने (नेहमीच्या टेस्टमध्ये हेक्झेनने) बाटली विसळून ते फनेलमध्ये घाला.

तेल तरंगतंच, असं धरून नुसतं वरचं पाणी भरू नका. व्हेनेझुएलाच्या ओरिमल्शन इंधनात सुमारे 70 टक्के बिटुमेन (डांबरासारखं जड तेल), बाकी पाणी आणि थोडं सर्फॅक्टंट (थेंब पाण्यात मिसळून ठेवणारा साबणासारखा पदार्थ) असे. त्याची घनता पाण्याच्या इतकी जवळ, की गोड्या पाण्यात ते वर तरंगत नसे.

फनेल जोरजोरात हलवलं की पाणी आणि सॉल्व्हंटच्या मधे इमल्शनची साय धरते. हळू उलटंपालटं करा. तरी फुटली नाही तर मीठ घाला किंवा सेंट्रिफ्यूज करा. एक्स्ट्रॅक्ट (तेल उतरलेलं सॉल्व्हंट) कोरड्या सोडियम सल्फेटमधून गाळा, नाहीतर पाण्याचंही वजन धरलं जातं.

मला सर्वांत जास्त खटकते ती हेक्झेनची चूक. जड तेलातले अ‍ॅस्फाल्टीन (त्यातला सर्वांत जड, काळा भाग) हेक्झेनमध्ये विरघळतच नाहीत. काळे कण होऊन काचेवर आणि फिल्टरवर बसतात. त्यात रिकव्हरी (मुद्दाम घातलेल्या तेलापैकी किती परत मिळालं ते) तपासायला हेक्झाडेकेन हे हलकं तेल घातलं, तर ते हेक्झेनमध्ये सहज येतं आणि सगळं आलबेल वाटतं. म्हणून स्पाइक (तपासणीसाठी घालायचं मोजलेलं तेल) त्याच फर्नेस ऑइलचा द्या. काळे कण दिसले तर डायक्लोरोमिथेन या दुसऱ्या सॉल्व्हंटने विसळून त्यांचं वजन वेगळं नोंदवा; नियमाचा आकडा ठरलेल्या पद्धतीचाच राहू द्या.

डायक्लोरोमिथेन मात्र 40 अंशांनाच उकळतं, आणि बडोद्याची मे महिन्यातली दुपार त्याच्या वर जाते. ते हुडखालीच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) वापरा, फनेलमधला दाब वारंवार सोडा. शिवाय ते पाण्याच्या खाली बसतं: हेक्झेनच्या सवयीने खालचा थर टाकून दिलात, तर सॅम्पलच गेलं.