सीआय निवडताय? या चुका टाळा

सीआय म्हणजे कोड बदलला की बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारी सिस्टीम. ऐरोली, महापे नाहीतर वागळे इस्टेटमधल्या छोट्या टीम्सचा पहिला प्रश्न हमखास एकच, फुकट कुठलंय? विचारा ना, पण फुकट म्हणजे किती ते आधी नीट वाचा. गिटहबवर पब्लिक रेपोला (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडला) साधे रनर, म्हणजे जॉब चालवणारी त्यांची मशिनं, फुकट आहेत, प्रायव्हेटला फ्री प्लॅनवर महिन्याला २००० मिनिटं, गिटलॅबवर ४००. त्यात गिटहब प्रत्येक जॉबचं मिनिट वरच्या आकड्याला नेतं, म्हणजे २० सेकंदांचे १० जॉब केलेत की १० मिनिटं गेली! आणि टाइमआउट, म्हणजे जॉबची वेळमर्यादा, लावला नसेल तर गिटहबवर अडकलेली एक टेस्ट ६ तास मिनिटं खात बसते, तो पहिल्याच दिवशी लावा.

दुसरी चूक मला जास्त खटकते, सगळं लॉजिक यामल फाइलमध्ये (सीआयची सेटिंग्ज लिहायची फाइल) कोंबायचं. एकेकाळी ओपन सोर्सवाल्यांचं ठरलेलं उत्तर म्हणजे ट्रॅव्हिस ही सीआय सेवा होती, नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांचे प्लॅन बदलले, जून २०२१ मध्ये त्यांची डॉट ऑर्ग साइट बंद झाली आणि किती जणांची धावपळ उडाली. म्हणून बिल्ड, टेस्ट, लिंट (कोडमधल्या चुका शोधणारी तपासणी) सगळं एका शेल स्क्रिप्टमध्ये ठेवा, यामलने ती फक्त चालवायची. मग सीआय बदलणं दोन दिवसांचं काम, आणि बिल्ड फुटला की तीच स्क्रिप्ट आपल्या लॅपटॉपवर चालवून बघता येते.

जेनकिन्स, म्हणजे स्वतःच्या मशीनवर चालवायचं सीआय, ऑफिसातल्या जुन्या पीसीवर टाकायचं असेल तर खुशाल टाका, चांगलंच आहे ते, फक्त प्लगिन अपडेट, बॅकअप, भरलेली डिस्क हे कोण बघणार ते आधी ठरवा, पावसाळ्यात लाइट गेली की फोन त्यालाच.

आता फोर्कवरून (बाहेरच्याने केलेल्या रेपोच्या कॉपीवरून) आलेला पीआर, म्हणजे कोड बदलाची विनंती, फेल होतो, टोकन रिकामं दिसतं, ही तक्रार. तो बग नाही, गिटहब तिथे मुद्दाम सीक्रेट (टोकन, पासवर्ड अशा गुप्त चाव्या) देत नाही. यावर उपाय म्हणून पुल_रिक्वेस्ट_टार्गेट हा सीक्रेट मिळणारा ट्रिगर लावून बाहेरच्याचा कोड चालवू नका प्लीज, तुमच्या चाव्या त्याच्या हातात जातात. तयार अ‍ॅक्शनही (दुसऱ्यांनी लिहिलेल्या सीआयच्या स्टेप) टॅगवर, म्हणजे व्हर्जनच्या नावावर, विसंबून घेऊ नका, मार्च २०२५ मध्ये टीजे-अ‍ॅक्शन्सच्या एका अ‍ॅक्शनचे टॅग कुणीतरी फिरवले आणि लोकांची सीक्रेट्स बिल्ड लॉगमध्ये छापली गेली. टॅगऐवजी पूर्ण कमिट हॅश लिहा, म्हणजे कोडच्या त्या नेमक्या आवृत्तीचा न बदलणारा आयडी.

आणि रात्री २ चा बिल्ड सकाळी साडेसातला चालतोय? क्रॉन (ठरल्या वेळी चालवायचं वेळापत्रक) यूटीसीत आहे, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे, २०:३० लिहा.