मागचे शॉकअप बदलताय? ऑर्डर टाकायच्या आधी या चुका टाळा

बहुतेक लोक बाइकचे मागचे शॉकअप कसे निवडतात तर फोटो बघून. बाजूला सोनेरी डबा लटकलेला असला, स्प्रिंग लालभडक असली की झालं, मग फक्त "माझ्या गाडीला बसेल का" एवढं विचारायचं आणि ऑर्डर ठोकायची. नंतर गाडी आधीपेक्षा जास्त आदळायला लागली की शिव्या शॉकअपला. अहो पण शॉकअपमध्ये सगळ्यात आधी बघायची ती स्प्रिंग, आणि ती ठरते तुमच्या वजनावरून, गाडीच्या मॉडेलवरून अर्धीच ठरते.

त्याच्याही आधी, शॉकअप खरंच गेलेत का ते तरी बघा. वळणावर मागून गाडी डुलते म्हणून नवे शॉकअप टाकतात आणि डुलणं तसंच, कारण गेलेले असतात चिमट्याचे (मागचं चाक धरून वरखाली होणाऱ्या दोन हातांच्या भागाचे) बुश, म्हणजे सांध्यातल्या नळ्या. मेन स्टँडवर लावा, मागचं चाक धरून डावीउजवीकडे जोरात हलवा, खटखट लागली तर आधी बुश आणि व्हील बेअरिंग. टायरमध्ये हवा जास्त असेल तर कितीही भारी शॉकअप टाका, कडकच लागणार. शॉकअपच्या आतबाहेर होणाऱ्या दांड्यावर तेल दिसलं तरी लगेच निकाल लावू नका, चेनचं लुब्रिकंट उडून तिथेच बसतं, स्वच्छ पुसा, थोडी चालवा, परत ओलं झालं तर मात्र सील गेलं. सीट जोरात दाबून सोडली की गाडीने वर येऊन गप्प थांबायला पाहिजे, दोनतीनदा वरखाली झाली तर डॅम्पिंग (स्प्रिंगची उसळी आवरण्याचं काम) संपलेलं आहे.

आता मापं. लांबी म्हणजे वरच्या बोल्टच्या सेंटरपासून खालच्या बोल्टच्या सेंटरपर्यंत, आणि तीही चाक हवेत असताना मोजायची, गाडी जमिनीवर दबलेली असताना मोजली तर चुकणारच. "थोडी उंच दिसेल" म्हणून लांब शॉकअप घेणारे भरपूर आहेत. व्हीलबेस (दोन्ही चाकांच्या सेंटरमधलं अंतर) 1400 मिमी धरला आणि मागून गाडी 25 मिमी उचलली तर स्टीअरिंगचा कोन जवळजवळ 1 अंशाने उभा होतो, वळायला चपळ वाटते पण वेगात हँडल हलकं आणि चंचल होतं, शिवाय साइड स्टँडवर गाडी फार तिरकी किंवा फारच सरळ यातलं काहीतरी होतं (लांब शॉकअपला फार तिरकी, आखूडला सरळ), चेनचा ताणही बदलतो. आखूड घेतले तर वळणावर सायलेन्सर आणि फूटरेस्ट घासतात. मूळ लांबीच्या आसपासच रहा, पाच मिमी इकडेतिकडे ठीक आहे.

लांबी जुळली म्हणून खूश होऊ नका, स्ट्रोक विचारा. एकाच लांबीच्या दोन शॉकअपचा दांडा आत किती जातो हे वेगळं असू शकतं. स्ट्रोक जास्त असेल तर डबलसीट खड्ड्यात गेल्यावर टायर थेट मडगार्डला लागतो. आणि शॉकअपच्या टोकांचे बुश! भोक 10 मिमी, 12 मिमी, 14 मिमी असं काहीही असतं, रुंदीपण वेगळी, काहींना खाली डोळ्याऐवजी (गोल भोकाऐवजी) काट्यासारखं तोंड असतं. बोल्ट ढिला बसतोय म्हणून मध्ये पत्रा गुंडाळणारे महाभाग आहेत, कृपया नको, योग्य मापाची स्लीव्ह घ्या.

आता मुद्द्याचं, स्प्रिंग. सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे खालची रिंग फिरवली की स्प्रिंग कडक होते. नाही होत. प्रीलोडने, म्हणजे रिंगने स्प्रिंग आधीच दाबून ठेवल्याने, गाडी वर उचलली जाते, साध्या स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो. त्यामुळे स्प्रिंग मुळातच मऊ असेल तर रिंग शेवटच्या खाचेपर्यंत फिरवून काही साध्य होत नाही.

बरोबर आहे की नाही हे टेपने कळतं. चाक हवेत असताना एक्सलपासून सीटखालच्या एखाद्या ठरलेल्या खुणेपर्यंत मोजा, समजा 600 मिमी आलं. मग गाडी जमिनीवर स्वतःच्या वजनावर उभी, समजा 590. मग तुम्ही हेल्मेट बूट सगळं घालून बसा, दुसऱ्याला मोजायला सांगा, 570. म्हणजे नुसती गाडी 10 दबली आणि तुमच्यासकट 30. चाकाचा एकूण प्रवास 100 मिमी असेल तर रस्त्यावरच्या गाडीला हे झकास, साधारण तिसरा हिस्सा. पण तुमच्यासकट 30 आणायला रिंग इतकी फिरवावी लागली की नुसती गाडी जराही दबत नाही, तर स्प्रिंग मऊ आहे. उलट तुमच्यासकट 30 येतंय पण नुसती गाडीच 20-25 दबतेय तर स्प्रिंग कडक. ऐकायला उलटं वाटतं, पण असंच आहे. म्हणून ऑर्डर देताना तुमचं वजन, मागे कोणी नेहमी बसतं का, सामान किती, हे सांगा, आणि विकणारा हे विचारतच नसेल तर दुसरीकडे बघा.

मोनोशॉकच्या (मागे एकच शॉकअप असतो त्याच्या) स्प्रिंगचा कडकपणाचा आकडा जोडीच्या शॉकअपशी ताडून बघू नका, लिंकेज (चाकाशी जोडणारे दांडे) आणि बसवायची जागा वेगळी, तिथे चाक बरंच जास्त हलतं आणि दांडा कमी, म्हणून स्प्रिंग कितीतरी कडक लागते. युनिटपण बघा, 1 किलो प्रति मिमी म्हणजे साधारण 9.8 न्यूटन प्रति मिमी.

आता शॉकअपच्या बाजूला लटकलेल्या डब्याचं थोडक्यात. त्यात नायट्रोजनचा दाब असतो, काम एवढंच की सतत हापटून तेल गरम झालं तरी फेस होऊ नये. डब्यामुळे गाडी मऊ होत नाही. आणि तो उघडून बघायचा प्रयत्न अजिबात करायचा नाही, आत दाब असतो. काही शॉकअप उलटे बसवलेले चालत नाहीत, तेलात हवा मिसळते, सोबतचा कागद वाचा.

बसवताना एक बाजू काढा, नवा लावा, मग दुसरी, चाकाखाली फळी द्या. बदलायचे तर जोडीनेच, आणि दोन्हीकडे रिंग एकाच खाचेवर. मग दांड्याला एक केबल टाय सैलसर अडकवा आणि नेहमीच्या रस्त्याने फिरून या, टाय कुठे सरकलाय ते दाखवतो की स्ट्रोक किती वापरला. एकदम टोकाला गेला आणि मध्येच ठण्ण आवाज आला तर मऊ, अर्धाही गेला नाही तर कडक.

गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी डुलत राहिली तर रीबाउंड (दाबलेला दांडा परत बाहेर येताना त्याला आवरणारं डॅम्पिंग) वाढवा. लागोपाठच्या बारीक खड्ड्यांवर मागून गाडी खाली खाली बसत आणि कडक होत गेली तर रीबाउंड जास्त झालाय, दांड्याला परत यायला वेळच मिळत नाहीये. एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन क्लिकने, आधी कुठे होतं ते लिहून ठेवा. चेनचा ताण आणि हेडलाइटचा झोत परत सेट करा, आणि थोडी चालवून झाल्यावर चारही बोल्ट एकदा पान्याने तपासा.