फाइलवरची डिजिटल सही तपासावी कशी, आणि तिच्यावर विसंबावं किती

विंडोजवर सॉफ्टवेअर टाकताना प्रकाशकाचं नाव दिसतं आणि आपण 'येस' दाबून मोकळे होतो. त्या नावामागची डिजिटल सही दोनच गोष्टी सांगते: सही कोणाच्या प्रमाणपत्राने (प्रकाशकाच्या डिजिटल ओळखपत्राने) झाली आणि त्यानंतर फाइलमध्ये फेरफार झाला का. आतला कोड घातक आहे की नाही, हे तिला ठाऊक नसतं.

आधी सही उघडून बघा. डाउनलोड केलेल्या फाइलवर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज, मग 'डिजिटल सिग्नेचर्स' टॅब. नाव निवडून 'डिटेल्स' दाबा. सही ठीक असल्याचं तिथे लिहिलेलं हवं. हा टॅबच नसेल तर फाइलमध्ये सही नाही. छोट्या ओपन सोर्स प्रकल्पांत हे चालतं, पण मोठ्या कंपनीचं इन्स्टॉलर बिनसहीचं असेल तर ते उघडूच नका.

मग नाव अक्षर न् अक्षर वाचा. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचा कर्मचारी असल्याचं भासवून कोणीतरी अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीकडून मायक्रोसॉफ्टच्या नावाची दोन प्रमाणपत्रं मिळवली होती. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या मालवेअरचे (घातक सॉफ्टवेअरचे) ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालणारे छोटे प्रोग्राम, रियलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांनी सही केलेले होते. म्हणजे नाव बरोबर असूनही धोका उरतोच.

त्यामुळे सही आहे म्हणून अँटिव्हायरसमध्ये कोणत्याही प्रोग्रामला सूट देऊ नका. २०१७ मध्ये सीक्लीनर या संगणक साफ करणाऱ्या प्रोग्रामच्या ५.३३ आवृत्तीत मालवेअर शिरलं ते कंपनीच्याच यंत्रणेतून. सही अस्सल, संकेतस्थळही अधिकृत. जे वापरत नाही ते काढून टाकणं, हाच अशा वेळी घरच्या वापरकर्त्याच्या हातातला सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

पुढची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तीच बहुतेक जण करत नाहीत. सहीसाठी फाइलचा हॅश (तिच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा) काढताना खुद्द सहीचा भाग वगळावा लागतो. त्या वगळलेल्या जागेत कोणी जादा डेटा कोंबला, तरी विंडोज सही वैधच मानतं. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये यावर उपाय काढला, पण जुनी इन्स्टॉलर्स बंद पडतील म्हणून तो ऐच्छिक ठेवला. मार्च २०२३ मध्ये थ्रीसीएक्स या फोन सॉफ्टवेअरवरच्या हल्ल्यात नेमकी हीच फट वापरली गेली: मायक्रोसॉफ्टची सही असलेल्या एका डीएलएल फाइलमध्ये (प्रोग्राम वापरतात त्या सामायिक कोडच्या फाइलमध्ये) घातक डेटा भरला होता आणि सही तरीही वैध दिसत होती. दहा वर्षं माहीत असलेली फट अशी उघडी राहावी, याचा संताप येतो.

ती बुजवण्यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, 'एनेबल सर्ट पॅडिंग चेक' ही नोंद १ करावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर 'सीव्हीई-२०१३-३९००' हा या फटीचा क्रमांक शोधा. नेमका मार्ग आणि स्पेलिंग तिथे मिळेल. ६४-बिट विंडोजवर ही नोंद दोन ठिकाणी करायची असते. आधी रजिस्ट्रीचा बॅकअप घ्या. ऑफिसचा संगणक असेल तर हे काम आयटीवाल्यांनाच करू द्या.

शेवटी ड्रायव्हर. २०२० मध्ये रॉबिनहूड या रॅन्समवेअरने (फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या मालवेअरने) गिगाबाइट या हार्डवेअर कंपनीचा जुना, सदोष, पण सही असलेला ड्रायव्हर सोबत आणून अँटिव्हायरस बंद पाडला होता. विंडोज सिक्युरिटीत 'डिव्हाइस सिक्युरिटी', मग 'कोअर आयसोलेशन' उघडा. 'मेमरी इंटिग्रिटी' (विंडोजच्या गाभ्यात घातक कोड शिरू न देणारी सोय) आणि सदोष ड्रायव्हरांची ब्लॉकलिस्ट, दोन्ही चालू करा. एखादा ड्रायव्हर आड येत असेल तर त्याचं नाव तिथेच दिसतं. उत्पादकाकडे नवी आवृत्ती असेल तर ती टाका, नसेल तर तो ड्रायव्हर काढून टाका.