नाटकाचे दिवे लॅपटॉपवरून: स्वतःची फेडर-स्क्रीन कशी बनवावी

एकांकिका तालमीच्या खोलीत बसते, पण दिवे हातात येतात ते थेट गडकरी रंगायतनच्या किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहाच्या मंचावर, तेही तास-दोन तासांसाठी. क्यू (कोणत्या क्षणी कोणता दिवा किती उजळायचा त्याची नोंद) आधीच लॅपटॉपमध्ये भरलेले असले तर तो सगळा वेळ दिव्यांची दिशा लावायला मिळतो. दिवे चालवणारं क्यूएलसी प्लससारखं मोफत सॉफ्टवेअर तयार मिळतं आणि बऱ्याच कामांना ते पुरतं. आपल्याच नाटकाच्या क्यू शीटसारखी दिसणारी फेडर-स्क्रीन, म्हणजे दिवे कमी-जास्त करणाऱ्या स्लायडरची स्क्रीन, हवी असेल, तर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्यासोबत येणारं, खिडक्या-बटणं बनवणारं टीकिंटर यांमध्ये ती बनवता येते.

लागणारं सामान: लॅपटॉप, पायथनची पायसीरियल लायब्ररी (पोर्टवर माहिती पाठवण्यासाठी), यूएसबी-डीएमएक्स इंटरफेस (डीएमएक्स म्हणजे दिव्यांना हुकूम पोचवणारा सिग्नल), डीएमएक्स केबल, 120 ओहमचा एक टर्मिनेटर (साखळीच्या शेवटी लावायचा रोधक) आणि तालमीसाठी एक एलईडी पार (डब्यासारखा मंचावरचा दिवा). इंटरफेस स्वतःचा प्रोसेसर असलेला घ्या, उदाहरणार्थ एनटेकचा डीएमएक्स यूएसबी प्रो. स्वस्त इंटरफेसमध्ये सिग्नलचं सगळं टायमिंग लॅपटॉपला सांभाळावं लागतं आणि लॅपटॉप क्षणभर अडखळला की दिवे लुकलुकतात. प्रो प्रकारचा इंटरफेस शेवटची फ्रेम (सगळ्या किमतींचा एक पूर्ण संच) स्वतःच पाठवत राहतो.

डीएमएक्सच्या एका लाइनवर 512 चॅनेल (दिव्याची उजळणी, रंग अशी एकेक गोष्ट चालवणाऱ्या वाटा) असतात आणि प्रत्येकाची किंमत 0 ते 255. पूर्ण फ्रेम सेकंदाला साधारण 44 वेळा जाऊ शकते. प्रोला द्यायचा संदेश 518 बाइटचा: 126, 6, मग लांबीचे दोन बाइट 1 आणि 2 (म्हणजे 513), मग स्टार्ट कोडचा 0, त्यानंतर 512 किमती आणि शेवटी 231. लांबीचे बाइट उलटे गेले तर इंटरफेस चूप बसतो, काही त्रुटीही दाखवत नाही. आधी स्क्रीन न बनवता एवढाच संदेश पाठवून एक दिवा पेटवून पाहा.

आता सर्वांत महत्त्वाचं. दिवे स्क्रीनच्या भरवशावर ठेवू नका. संदेश पाठवणारा भाग वेगळ्या थ्रेडमध्ये (प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या धाग्यात) दर 25 मिलिसेकंदांनी चालू द्या आणि फेडचा (उजेड हळूहळू बदलण्याचा) हिशोबही तिथेच करा. स्लायडरने फक्त किमतींची यादी बदलायची, पोर्टला हात लावायचा नाही. उलट बाजूने, पाठवणाऱ्या थ्रेडने टीकिंटरच्या कुठल्याही घटकाला शिवायचं नाही. स्क्रीन ताजी करायला टीकिंटरचंच आफ्टर (ठरलेल्या वेळाने काम करणारं फंक्शन) वापरा, दर 50 मिलिसेकंदांनी. हे मिसळलं की प्रोग्रॅमची खिडकी माउसने ओढताना फेड मध्येच थांबतो, आणि प्रेक्षकांना अर्धवट उजेडातला नट दिसतो.

स्क्रीनवर 24 डिमर चॅनेलचे उभे स्लायडर दोन ओळींत बसवा. टीकिंटरचा उभा स्केल पहिली किंमत वर ठेवतो, म्हणून ‘पासून’ 100 आणि ‘पर्यंत’ 0 द्या, नाहीतर वर ढकलल्यावर दिवा मंद होईल. आकडे टक्क्यांत दाखवा. 0 ते 255 चं गणित आत करा. स्लायडरखाली चॅनेल नंबरसोबत ‘डावा फ्रंट’, ‘खिडकी’, ‘देवघर’ असं लिहा. अंधारात नंबर आठवत नाहीत. पार्श्वभूमी काळी, अक्षरं मंद केशरी.

एकच दिवा दोन गटांत (एकत्र चालवायच्या दिव्यांच्या संचांत) असेल तर दोन्हींतली मोठी किंमत घ्या, मग मास्टरने (सगळा उजेड एकत्र कमी-जास्त करणाऱ्या स्लायडरने) गुणा. इथे एक चूक हमखास होते: मास्टर सगळ्याच चॅनेलना लावला जातो. एलईडी पारच्या स्ट्रोब (लुकलुकण्याच्या) किंवा मोडच्या चॅनेलवर मास्टर लागला की मंद होता होता दिवा फडफडू लागतो. एलईडीला डिमर चॅनेल असेल तर मास्टर फक्त त्यालाच लावा, नसेल तर रंगांच्या चॅनेलना.

क्यूमध्ये सगळ्या किमती आणि फेडचे सेकंद साठवा. फेडचं सूत्र साधं: सुरुवात अधिक (लक्ष्य वजा सुरुवात) गुणिले उलटलेला वेळ भागिले एकूण वेळ. ‘सुरुवात’ म्हणजे या क्षणी मंचावर असलेली किंमत, मागच्या क्यूत साठवलेली नव्हे. नाहीतर फेड अर्ध्यात असताना पुढचा क्यू दिला की उजेड झटका खातो. पुढच्या क्यूसाठी पेज डाउन द्या. स्पेसबार टाळा; कीबोर्डचा फोकस ब्लॅकआउटच्या (सगळे दिवे विझवणाऱ्या) बटणावर राहिला असेल तर स्पेसबार तेच दाबेल. चालू क्यूचा नंबर दर वेळी फाइलमध्ये लिहा, म्हणजे प्रोग्रॅम बंद पडून पुन्हा उघडल्यावर तो सगळीकडे शून्य न पाठवता त्याच उजेडापासून सुरू होईल.

जोडणी दिव्यातून दिव्यात साखळीने करा, वाय जोड (एका केबलच्या दोन फांद्या) नको. शेवटच्या दिव्यात पिन 2 आणि 3 मध्ये टर्मिनेटर. माइकची केबल लहान अंतरावर चालून जाते आणि लांबवर दगा देते. एलईडी पारची वीज डिमरमधून कधीही घेऊ नका, सरळ सप्लायवरून घ्या. डिमरची मेन जोडणी नाट्यगृहाच्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. हॅलोजनची थंड तार एकदम जास्त करंट ओढते, म्हणून प्रवेशाआधी ती 5 टक्क्यांवर गरम ठेवा.

प्रयोगाच्या दिवशी लॅपटॉपचं स्लीप, स्क्रीनसेव्हर, अपडेट आणि यूएसबीची वीजबचत बंद करा. पावसाळ्यात प्लगच्या पिना कोरड्या कापडाने पुसून घ्या. मग इंटरफेसची यूएसबी मुद्दाम उपटून परत लावा आणि पोर्ट आपोआप पुन्हा उघडतो का ते पाहा. उघडत नसेल तर ते तालमीतच दुरुस्त करा.