शब्दमर्यादा पाळायची तर आधी बघा, शब्द मोजायचे का कॅरेक्टर

शोधनिबंधाचा सारांश असो का पेपरात द्यायचा लेख, मर्यादा आलीच, आणि नागपुरात धरमपेठ ते महाल सगळी पोट्टी एकच विचारून राहिली, मोजायचं कसं. मोजणं सोपं आहे हो, सूचना नीट वाचा फक्त.

शब्द म्हटले असतील तर एमएस वर्डमध्ये खाली डावीकडे आकडा दिसतोच, एकच परिच्छेद सिलेक्ट केला की त्याचा वेगळा. गूगल डॉक्समध्ये कंट्रोल शिफ्ट सी, फोनवर तीन टिंबांत वर्ड काउंट. टूल मुख्यतः स्पेस बघतं, म्हणून 'नागपूर जवळ' तोडून लिहिलं तर दोन शब्द, 'नागपूरजवळ' एकच, आणि शुद्धलेखनाच्या नियमानं जोडूनच बरोबर आहे, तर साठी, जवळ, बरोबर वगैरे आधी जोडून घ्या.

कॅरेक्टर, म्हणजे टाइप केलेली एकेक खूण, म्हटले असतील तर मात्र आपलं मराठीवाल्यांचं गणित वेगळं. मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, बहुतेक टूल सगळं सुटं मोजतात. 'संत्रा' डोळ्याला दोन अक्षरं, मोजणीत सहा कॅरेक्टर! एसएमएस पण इंग्रजीत 160 चा, देवनागरीत 70 चाच. म्हणून ऑनलाइन फॉर्म असेल तर ज्या चौकटीत भरायचं तिथलाच आकडा खरा धरा अन् थोडी जागा सोडून लिहा.

यूपीएससी मुख्य परीक्षा मराठीतून देणाऱ्यांना सामान्य अध्ययनात 150 अन् 250 शब्दांची उत्तरं असतात, तिथं टूल कुठून येणार, मग घरी हातानं एक उत्तर लिहा, तेच टाइप करून मोजा, ओळींनी भागा. ओळीत सरासरी 8 शब्द बसत असतील तर 250 ला साधारण 31 ओळी, हा अंदाज हाताला बसेपर्यंत सराव करा, खरंच खूप वेळ वाचतो.

जास्त झालं तर उदाहरणं, आकडे कापू नका प्लीज, लेखाचा जीव तोच असतो. सरकारी थाटाची वाक्यं शोधा. 'दीक्षाभूमी या ठिकाणी कार्यक्रमाचे आयोजन करण्यात आले' हे सात शब्द, 'दीक्षाभूमीवर कार्यक्रम झाला' तीनच, अर्थ तोच. कंट्रोल एफ दाबून 'करण्यात', 'या ठिकाणी', 'माध्यमातून' शोधत जा, दोन पानी लेखात बरेच सापडतात. अन् कापाकापीच्या आधी फाइलची कॉपी ठेवा भाऊ, नंतर एखादं वाक्य परत लागतंच.