बेली डान्सच्या क्लासला जाताय? मग या चुका टाळा

इंग्लंडमधल्या सॅफ्रन वॉल्डनसारख्या लहान गावात, जिथे मंगळवार-शनिवारचा बाजार उठला की चौक रिकामा होतो, तिथे चर्चच्या हॉलमध्ये बेली डान्सचा क्लास चालतो याचं मला अजून कौतुक वाटतं. बरीच वर्षं जातेय. दर टर्मला नव्या बायका येतात आणि त्याच त्याच चुका करतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गुडघे ताठ ठेवून शिमी करणं. शिमी म्हणजे ती कमरेची भराभर थरथर, जी बघून निम्म्या बायका क्लासला येतात आणि पहिल्याच दिवशी हवी असते. आमच्याकडे पुण्याची एक मुलगी आली होती, लहानपणापासून कथक केलेलं, ताल एकदम पक्का. पण कथकमध्ये तत्कार करायचा तो पाय सरळ ठेवून, त्यामुळे तिचे गुडघे सैल सुटायलाच तयार नाहीत. टीचर दर वेळी येऊन सांगायची की गुडघे मोकळे सोड, माकडहाड खाली जमिनीकडे राहू दे, आणि ही मान डोलवायची, घरी गेली की परत व्हिडिओ लावून फुल स्पीडमध्ये सुरू. गुडघे लॉक केले की धक्के जिरायला जागाच राहत नाही, ते सगळे कंबरेत जातात, त्यात पाठीला बाक आला की संपलंच. मग टर्मच्या शेवटी हाफ्ला होता, म्हणजे आम्ही एकमेकींसमोर नाचतो आणि प्रत्येकजण घरून काहीतरी खायला आणते. दरबुक्याचा, म्हणजे हातांनी वाजवायच्या अरबी ढोलाचा, सोलो चालू झाला, ही जोरात सुटली, आणि मध्येच कंबर अशी धरली की खुर्चीला पकडून उभी राहिली. चांगली नाचणारी पोर, पुढचे कित्येक आठवडे बसून बघत होती. मला फार वाईट वाटलं, कारण हे टाळता आलं असतं.

शिमी कंबरेने करायचीच नसते हो, गुडघ्यांनी करायची. एक गुडघा थोडा वाकतो तेव्हा दुसरा सरळ होतो (सरळ म्हणजे ताठ नव्हे!) आणि कंबर आपोआप वर-खाली होते. मी चहाचं आधण ठेवलं की तिथेच ओट्यापाशी उभी राहून उजवा-डावा, उजवा-डावा करते, अगदी हळू, आणि खांदे हलायला लागले की स्पीड कमी करते. बस एवढंच, पण रोज. भरतनाट्यमवाल्यांचं उलटं असतं, त्या सवयीने अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धवट बसण्यात, इतक्या खाली बसतात की कंबर मोकळी हलतच नाही. त्यांनी जरा वर यावं.

दुसरी चूक, संगीत न ऐकता नुसतं एक ते आठ मोजणं. रील बघून स्टेप पाठ केली की असंच होतं आणि मला हा शॉर्टकट अजिबात पटत नाही. मक्सूम आणि सईदी हे अरबी ताल ऐकून बघा, दोन्ही चार मात्रांचे. दुम म्हणजे ढोलाचा घुमणारा जड ठोका, टेक म्हणजे कडेचा टणक ठोका. मक्सूम जातो दुम-टेक, टेक-दुम, टेक. सईदीत त्या मधल्या टेकच्या जागी दुम येतो, म्हणजे मध्ये लागोपाठ दोन दुम, दुम-टेक, दुम-दुम, टेक. त्या दोन दुमवर कंबर खाली पडली पाहिजे. आपल्याला तबल्याचे बोल तोंडाने म्हणायची सवय असते, तशीच हेही म्हणा. मी गाडी चालवताना म्हणते.

क्लासच्या आधीच ऑनलाइन नाण्यांचा पट्टा मागवू नका. स्वस्तातल्या पट्ट्याची नाणी गळतात, बाकीच्या अनवाणी असतात, आणि त्या छमछमीत दुम कुठे पडला ते ऐकूच येत नाही. चॅरिटी शॉपमधला एखादा मोठा स्कार्फ कंबरेला बांधा, पुष्कळ झाला.

ढगळ लांब टीशर्ट नको, टीचरला कंबर दिसली नाही तर ती सुधारणार काय. लाकडी फरशीवर मोजे घालून नाचू नका, घसराल. पोटभर जेवून येऊ नका. नोव्हेंबरात हॉल गारठलेला असतो, त्यामुळे वॉर्मअप झाल्यावर उगवणाऱ्यांनी त्या दिवशी शिमीच्या वाटेला जाऊ नये.

आणि एक, लहान गावात हे फार महत्त्वाचं आहे: टर्मच्या मध्यात न सांगता गायब होऊ नका. हॉलचं भाडं डोकी मोजून निघतं. चार जणी कमी झाल्या की क्लास बंद, आणि मग केंब्रिज गाठायचं, गाडी नसेल तर आधी दोन मैलांवरचं ऑडली एंड स्टेशन, तेही रात्रीचं. कंटाळा आला, पाठ दुखतेय, मुलांचं हाफ टर्म, म्हणजे शाळेची मधली सुट्टी आहे, काहीही असो, टीचरला आदल्या दिवशी मेसेज टाका. पाठ दुखत असेल तर तसंच सांगा, ती तुम्हाला त्या दिवशी नुसतं हातांचं काम देईल.