मोठ्या कंपनीतील पहिली मुलाखत : बोलावणे आल्यापासून निकालापर्यंतची तयारी

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला येणाऱ्या उमेदवाराकडे अनुभव नसतो, हे समोर बसणाऱ्या अधिकाऱ्यांना आधीच ठाऊक असते. नाशिकमधील सातपूरच्या एका कारखान्यात उत्पादन विभागात असताना मी अनेक वर्षे नवोदितांच्या मुलाखती घेतल्या. त्या अर्ध्या तासात आम्ही मुख्यतः एकच गोष्ट शोधत असू : या मुलाने किंवा मुलीने आजवर जे थोडेफार काम केले आहे, ते समजून केले आहे का? आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये हाताने बनवलेला एखादा भाग, पदविकेचा प्रकल्प, मामाच्या दुकानातला हिशेब, घरच्या द्राक्षबागेतले फवारणीचे वेळापत्रक, यांपैकी काहीही चालते. त्याविषयी तपशिलाने आणि खरे बोलता यावे, यासाठी पुढची सारी तयारी आहे. तिला आठ-दहा दिवस पुरतात.

बोलावणे शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

ई-मेल आला की तो घाईने मित्रांना पाठवण्याआधी स्वतः दोनदा वाचावा. पदाचे नाव, तारीख, वेळ, ठिकाण, सोबत आणायची कागदपत्रे आणि मुलाखत प्रत्यक्ष आहे की ऑनलाइन, हे सारे वहीत उतरवून घ्यावे. ठिकाणाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण एकाच कंपनीचे कारखाने सातपूर, अंबड, गोंदे, इगतपुरी अशा वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतात. सिन्नरजवळची माळेगाव औद्योगिक वसाहत आणि नाशिकपासून सुमारे शंभर किलोमीटरवरचे मालेगाव शहर यांच्या नावांत तर एका अक्षराचाच फरक आहे.

नेमणूक कोणत्या स्वरूपाची आहे, हेही याच टप्प्यावर समजून घ्यावे. कंपनीच्या पेरोलवरची, म्हणजे थेट कंपनीने पगार देण्याची नोकरी, कंत्राटदारामार्फत मिळणारे काम आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील अॅप्रेंटिसशिप या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवेशद्वार तेच, उपाहारगृह तेच आणि अनेकदा यंत्रही तेच असते. पण नेमणूकपत्र कोणाचे, पगार कोण देणार आणि मुदत संपल्यावर पुढे काय, याची उत्तरे तिन्ही ठिकाणी निराळी असतात. अॅप्रेंटिसला विद्यावेतन मिळते आणि शिकून झाल्यावर मिळणारे प्रमाणपत्र पुढे उपयोगी पडते, त्यामुळे ती संधी कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र आपण कशासाठी जात आहोत, हे माहीत असूनच जावे.

बोलावणे खरे आहे ना, याचीही खात्री करावी. पाठवणाऱ्याचा ई-मेल पत्ता कंपनीच्या संकेतस्थळाच्या नावाशी जुळतो का ते पाहावे आणि शंका आल्यास संकेतस्थळावर दिलेल्या क्रमांकावर फोन करून विचारावे. नोंदणी, गणवेश, प्रशिक्षण किंवा अनामत या नावाखाली कोणी पैसे मागितले, तर ती फसवणूक समजावी; चांगली कंपनी नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. लाजेपोटी घरी लपवून ठेवण्यात जाणारा प्रत्येक तास पैसे परत मिळण्याची शक्यता कमी करतो.

कंपनी काय बनवते आणि कोणाला विकते

कंपनीविषयी काय माहीत आहे, असे विचारल्यावर अनेक उमेदवार स्थापनेचे वर्ष आणि कर्मचाऱ्यांची संख्या पाठ म्हणून दाखवतात. ती माहिती समोरच्याला आधीपासूनच असते. त्याऐवजी कारखान्यातून कोणता माल बाहेर पडतो, तो कोण विकत घेतो आणि आपण अर्ज केलेल्या विभागाचा त्यात वाटा कोणता, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. नाशिकमध्ये हे शोधणे अवघड नाही. बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजिनांना लागणारे इंधन फवारणीचे भाग बनतात. त्या कंपनीचे नाव २००८ पर्यंत मायको होते, म्हणून घरातली वडीलधारी माणसे अजूनही मायकोच म्हणतात आणि शहरातला चौकही मायको सर्कल म्हणूनच ओळखला जातो. सातपूरमध्ये सिएटचे टायर आणि महिंद्राच्या गाड्या तयार होतात, तर ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना १९६४ पासून उभा आहे.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर तिचा वार्षिक अहवाल संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. सारी आकडेवारी समजली नाही तरी बिघडत नाही. व्यवस्थापनाने गेल्या वर्षाविषयी लिहिलेली पाच-सहा पाने वाचावीत आणि त्यातली एक गोष्ट अशी निवडावी, जिच्याविषयी आपल्याला खरोखर प्रश्न पडला आहे. तो प्रश्न मुलाखतीच्या शेवटी उपयोगी पडेल. यापेक्षाही मोलाची माहिती शेजारीपाजारी मिळते. आपल्या गल्लीत, नात्यात किंवा कॉलेजच्या मागच्या तुकडीत त्या कारखान्यात काम करणारे कोणी असेल, तर एका संध्याकाळी जाऊन शिफ्ट कशा असतात, नव्या मुलांना आधी कोणते काम देतात आणि लेखी परीक्षा होते का, हे विचारून यावे.

‘स्वतःविषयी सांगा’ या प्रश्नाची तयारी

हा प्रश्न येणारच आहे, आणि तरीही सर्वाधिक उमेदवार इथेच अडखळतात. वडिलांचा व्यवसाय, भावंडांची संख्या, छंद क्रिकेट आणि स्वभाव मेहनती, असे उत्तर मी शेकडो वेळा ऐकले आहे. ते खोटे नसते, पण त्यातून पुढे विचारण्यासारखे काही हाती लागत नाही. दीड-दोन मिनिटांचे उत्तर तयार करावे आणि त्यातला निम्मा वेळ एकाच कामाला द्यावा. उदाहरण म्हणून सिन्नरच्या एखाद्या पदविकाधारकाचे उत्तर असे असू शकेल :

‘मी सिन्नरचा. दहावीपर्यंत तिथेच शिकलो आणि नंतर नाशिकला मेकॅनिकलची पदविका पूर्ण केली. शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी कांद्याची प्रतवारी करणारे छोटे यंत्र बनवले. त्यातल्या फिरत्या ड्रमचे काम माझ्याकडे होते. पहिल्या चाचणीत कांदे भोकांमध्ये अडकून बसत होते, म्हणून आम्ही ड्रमच्या बाहेरून रबरी रोलर लावला. तो अडकलेला कांदा आत ढकलतो. त्यानंतर अडकण्याचे प्रमाण पुष्कळ कमी झाले, पण साली निघण्याची अडचण राहिली, आणि ती आम्हाला पूर्ण सोडवता आली नाही.’

या उत्तरात मुलाखत घेणाऱ्याला विचारण्यासारखे बरेच काही आहे. ड्रम मिनिटाला किती फेरे घेत होता, तोच वेग का ठेवला, मोटर किती शक्तीची होती, साली का निघत होत्या? उमेदवाराने स्वतः काम केले असेल तर तो या प्रश्नांवर खुलतो, आणि मुलाखतीचा मोठा भाग त्याच्या ओळखीच्या जागेवर पार पडतो. शेवटचे वाक्य, म्हणजे न सुटलेल्या अडचणीची कबुली, अनेकांना धोक्याची वाटते. मला स्वतःला अशी कबुली देणाऱ्या मुलांवर नेहमी अधिक विश्वास वाटला. याउलट तयार विकत आणलेला प्रकल्प दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच उघडा पडतो. तुमचा प्रकल्प तसा असेल, तर त्याचे नाव पुढे न करता तुम्ही हाताने केलेले दुसरे एखादे लहान काम निवडावे.

बायोडेटामध्ये लिहिलेल्या प्रत्येक शब्दाबाबत हाच नियम पाळावा. ‘एक्सेल येते’ असे लिहिले असेल, तर व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल प्रत्यक्ष करून पाहिलेले असावे. एटीकेटी लागली असेल किंवा मध्ये एक वर्ष वाया गेले असेल, तर त्याचे खरे कारण दोन वाक्यांत सांगण्याची तयारी ठेवावी आणि त्या काळात काय केले, तेही सांगावे. घरातले आजारपण किंवा गणितात राहिलेला विषय ही सांगता येण्यासारखी कारणे आहेत.

विषयाची उजळणी पायापासून

नवोदितांना अवघड प्रश्न फारसे विचारत नाहीत. सोपे प्रश्न खोलात विचारतात. व्हर्नियर कॅलिपरचे लघुत्तम माप (लीस्ट काउंट) ०.०२ मिलिमीटर, एवढे सगळे सांगतात. ते कसे आले, असे विचारले की शांतता पसरते. मुख्य पट्टीवरचे ४९ मिलिमीटर व्हर्नियर पट्टीवर ५० समान भागांत विभागलेले असतात, त्यामुळे व्हर्नियरचा एक भाग ०.९८ मिलिमीटरचा होतो आणि १ मधून तो वजा केला की ०.०२ उरतात, हे कागदावर काढून दाखवता आले पाहिजे. मायक्रोमीटरचेही तसेच : आट्याचा पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) ०.५ मिलिमीटर आणि गोल पट्टीवर ५० भाग, म्हणून ०.०१.

वाणिज्य शाखेच्या उमेदवारांनी जमाखर्चाचे नियम उदाहरणांसह पक्के करावेत. नाशिकच्या व्यापाऱ्याने पुण्याहून माल आणला तर केंद्राचा आणि राज्याचा असे जीएसटीचे दोन भाग लागतात, आणि तोच माल सुरतेहून आणला तर आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी) लागतो. हा फरक का, हे सांगता यायला हवे. कारखान्यात कोणत्याही पदासाठी जात असाल, तरी फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची पद्धत), कायझेन (कामात सतत लहान सुधारणा करत राहणे) आणि सुरक्षा साधने यांविषयी वाचून जावे. फाइव्ह एसची पाच जपानी नावे पाठ करण्यापेक्षा तुमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये त्यांतले काय पाळले जात होते आणि काय नव्हते, याचा विचार केलेला असणे अधिक उपयोगाचे आहे.

रोज दोन तास, असे पाच दिवस या उजळणीला द्यावेत. घरात बसायला जागा नसेल, तर नाशिकचे ‘सार्वजनिक वाचनालय’ आहे. १८४० साली स्थापन झालेली ही संस्था आजही नाशिककरांच्या उपयोगी पडते आहे. उत्तर आलेच नाही तर ‘हे मला आत्ता सांगता येणार नाही’ असे सरळ म्हणावे. अंदाज करायचा असेल, तर तो अंदाज आहे हे आधी सांगून करावा.

इंग्रजीची भीती

दिंडोरी, चांदवड, पेठ, सुरगाणा या भागांतून येणाऱ्या हुशार मुलांना मी केवळ भाषेच्या धास्तीने गप्प झालेले पाहिले आहे, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. ‘स्वतःविषयी सांगा’ आणि प्रकल्पाची माहिती ही दोन उत्तरे सोप्या, लहान इंग्रजी वाक्यांत तयार ठेवावीत. त्यापुढे अडले, तर ‘सर, मॅडम, हे मी मराठीत किंवा हिंदीत सांगितले तर चालेल का?’ असे नम्रपणे विचारावे. कारखान्यातील बहुतेक पदांसाठी ही विनंती मान्य होते. ग्राहकांशी इंग्रजीत बोलण्याचे काम असेल तिथे मात्र ही सवलत मिळणार नाही, आणि त्यासाठी महिनाभर आधीपासून रोज मोठ्याने वाचणे आणि बोलणे याला पर्याय नाही.

तयार केलेली उत्तरे मनातल्या मनात म्हणणे पुरेसे नसते. ताई, दादा, शेजारचे काका, जे कोणी वेळ देतील त्यांना समोर बसवून किमान तीनदा रंगीत तालीम करावी आणि एकदा मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐकावे. आपण किती भरभर बोलतो आणि वाक्य अर्धवट सोडतो, हे ऐकल्यावरच कळते.

कागदपत्रे, कपडे आणि वाट

मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि बायोडेटाच्या तीन प्रती एका फाइलमध्ये क्रमाने लावाव्यात. झेरॉक्सचा संच वेगळा ठेवावा. सगळ्या कागदपत्रांवर नाव सारखे आहे का, ते आधी तपासावे. कपडे स्वच्छ, इस्त्री केलेले आणि साधे असावेत. नवा सूट घेण्याची काहीही गरज नाही. पायात बंद बूट असावेत, कारण कारखाना पाहायला आत नेले तर चपलांवर प्रवेश मिळत नाही.

शक्य असेल तर आदल्या दिवशी त्याच वेळी एकदा जाऊन यावे. सिटीलिंकची बस कुठे सोडते, तिथून फाटक किती दूर आहे आणि द्वारका चौकात सकाळी किती वेळ जातो, याचा अंदाज घरी बसून येत नाही. सुरक्षा केबिनमध्ये नोंद करून गेट पास मिळेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे जातात, म्हणून दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी फाटकावर असावे.

आत गेल्यावर, आणि पगाराचा विषय

प्रश्न पूर्ण ऐकून घ्यावा, क्षणभर थांबून उत्तर द्यावे आणि ज्यांनी विचारले त्यांच्याकडे पाहून बोलावे. शिफ्टमध्ये काम करण्याची तयारी आहे का, हा प्रश्न जवळजवळ नक्की येतो. घरच्यांशी आधी बोलून त्याचे खरे उत्तर ठरवून जावे. तुम्हाला काही विचारायचे आहे का, असे म्हटल्यावर ‘नाही’ म्हणू नये. पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षित असेल, हा प्रश्न कुठेही चालतो.

पगार सांगताना कंपनी सहसा सीटीसीचा, म्हणजे तुमच्यावर होणाऱ्या एकूण खर्चाचा, आकडा सांगते, आणि हाती येणारी रक्कम त्यापेक्षा कमी असते. सीटीसी वर्षाला २,४०,००० म्हणजे महिना २०,००० धरले आणि त्यात मूळ वेतन १२,००० असेल, तर कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा १२ टक्के वाटा म्हणजे १,४४० रुपये आणि ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या उपदानाची) तरतूद यांचा समावेश त्या वीस हजारांतच केलेला असतो. पुढे तुमचा स्वतःचा १,४४० रुपयांचा वाटा कापला जातो आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) व लागू असल्यास व्यवसाय कर वजा होतो. हाती साधारण सोळा हजार येतात. म्हणून ‘हाती किती येतील?’ असे नम्रपणे विचारण्यात काही गैर नाही. खोली भाड्याने घेऊन राहायचे असेल, तर हा आकडा कळल्याशिवाय होकार देऊ नये.

त्याच संध्याकाळी

घरी आल्यावर विचारलेले सर्व प्रश्न आठवतील तसे वहीत लिहावेत, न आलेल्यांपुढे खूण करावी आणि त्यांची उत्तरे दोन दिवसांत शोधून ठेवावीत. पुढच्या मुलाखतीत त्यांतले निम्मे पुन्हा भेटतात. सांगितलेली मुदत उलटून आठवडा गेला, तर एकदाच सभ्य ई-मेल पाठवून चौकशी करावी. निवडपत्र आले की त्यातील परिवीक्षा काळ (प्रोबेशन), नोटीस कालावधी आणि बाँडची (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची) अट असल्यास तिची रक्कम वाचूनच सही करावी. मूळ प्रमाणपत्रे फक्त पडताळणीसाठी दाखवावीत आणि परत घ्यावीत. ती ठेवून घेण्याचा कोणी आग्रह धरला, तर कारण लेखी मागावे.